नव्या माशाचं जानवसं

येसूच्या झोपडीला छप्पर होतं म्हणायचं, एवढंच. उन्हाचे कवडसे त्यातून आत यायचे, थंडीत दव टपकायचं, आणि त्या गारठ्यानं आईच्या छातीतली घरघर काही थांबायची नाही. येसूच्या परकराला सात ठिगळं, सात रंगांची. पण झोपडी होती कुठे, ठाऊक आहे? राणीच्या बागेत!

बागेच्या मधोमध होता काचेचा हौद. त्यात इवले इवले मासे, कुणी शेंदरी, कुणी मोरपंखी, कुणी हळदीसारखा पिवळाधमक. शेपट्यांचे पंखे हलवत ते फिरले, की पाण्यात जरीचे पदर उडतायत असं वाटायचं. त्यांची राखण येसूकडे. राखणीच्या बदल्यात राहायला ही झोपडी.

राणी मनानं वाईट नव्हती हो. पण हौशी! आणि हौशी माणसाचा ताप किती, ते येसूला विचारावं.

एकदा राणीनं जत्रेतून नवी मासोळी आणली. चंदेरी, नाजूक, नाकात जणू मोती. नाव ठेवलं रत्ना. आता आणली ती आणली, पण राणीनं तिला सून करून घरात घेतली! हौदाच्या काठाशी तांदळाचं माप मांडलं, वाटीतल्या रत्नाला त्याच्यावरून नेलं, हळदकुंकू वाहिलं. मासोळीला उखाणा येईना, तर तोही राणीनंच घेतला. आणि सोडली बुडुक्कन हौदात, सगळ्यांच्या मधे.

"राणीसाहेब, दोन दिवस वेगळी ठेवूया का?" येसू म्हणाली.

"वेगळी? नव्या सुनेला दाराबाहेर ठेवतात होय गं? काहीतरीच तुझं!"

झालं. महिना गेला आणि मासे खंगायला लागले. खायचे भरपूर, पण पोट खपाटीला. कुणी खाल्लेलं थुंकून टाकी. शी व्हायची ती पांढरी, लांबलचक दोऱ्यासारखी, मागे लोंबत राहायची. हसू नका, माशांना रडू येत होतं.

राणी म्हणाली, "दृष्ट लागली." मीठमिरच्या ओवाळल्या आणि टाकल्या कुठे? हौदात! येसूनं कपाळाला हात लावला आणि गुडघाभर पाण्यात उतरून एकेक मिरची वेचली. राणी म्हणाली, "अशक्त झालेत, वळवळते लाल किडे घाला." रोज गटारातले किडे यायला लागले, वाटीच्या वाटी. मासे आणखी वाळले. दोन तर मेलेच.

"पुनवेपर्यंत बरे झाले नाहीत," राणीनं डोळे पुसत सांगितलं, "तर झोपडी रिकामी कर. तुझंच लक्ष नाही."

येसूला राग आला, भयंकर राग!

सकाळी ती मेलेला पिवळा मासा कर्दळीच्या पानात गुंडाळून जुईखाली पुरत होती. तेवढ्यात कर्दळीचं फूल उघडलं, आणि आतून बोटभर उंचीची परी निघाली. पंख दवाचे, झगा गुलबक्षी, पण कपाळावर आठी.

"माशाला कुणी असं पुरतं का गं? फेकून देतात."

"हा माझ्या हातून खायचा," येसू म्हणाली.

परीची आठी विरघळली. "घे, तीन इच्छा. पण नियम आहेत. जे तुझ्या हातांना जमतं, ते मागायचं नाही. आणि 'लवकर' म्हणायचं नाही. म्हटलंस, की इच्छा वाया."

"परीताई, माझे मासे लवकर बरे कर!"

"गेली एक," परी म्हणाली आणि उसासा टाकला. "काय हे! सगळी माणसं मेली घाईत."

येसू पाय आपटून रडली. मग नाक पुसलं, नीट विचार केला आणि म्हणाली, "त्यांच्या पोटात काय आहे, ते दिसू दे."

समोरच्या हौदातलं पाणी लखलखलं. मासे काचेसारखे आरपार झाले. अगंबाई! एकेकाच्या आतड्यात बारीक किड्यांचं वेटोळं. खाल्लेलं सगळं तेच गिळत होते. सगळ्यांत जुनं, जाडजूड वेटोळं होतं रत्नाच्या पोटात. हौदाच्या तळाशी, घाणीत, किड्यांची अंडी राईहून बारीक पसरलेली. आणि गटारातल्या त्या लाल किड्यांच्या वाटीतही तीच पिलावळ!

"म्हणजे पाहुणीबरोबर आले, खाऊबरोबर वाढले," येसू पुटपुटली.

"हुश्श! कुणाला तरी कळलं."

आता एकच इच्छा उरली. येसूला छप्पर आठवलं, आईची घरघर आठवली. 'झोपडी आमचीच राहू दे' एवढं म्हटलं तर? तेवढ्यात एक मोरपंखी माशाचं पिल्लू काचेपाशी आलं आणि तिच्या बोटाला तोंड लावून राहिलं.

"जंताचं औषध दे, परीताई. ते माझ्या हातांना नाही जमणार."

परीनं चिमूटभर निळी पूड दिली. "वाटाण्याच्या लगद्यात कालव, वासाला लसणीचा रस घाल, मोहरीएवढ्या गोळ्या कर. तीन दिवस, सगळ्यांना, जो बरा दिसतो त्यालाही. तळाची घाण रोज काढ, पाणी थोडं थोडं बदल, सगळं एकदम नाही. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा औषध. किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटली, की पुन्हा हेच!"

येसूनं वेताच्या नळीनं तळ उपसला. गटाराचा खाऊ बंद केला. गोळ्या चारल्या. पुनवेला मासे पुन्हा पदर उडवत फिरत होते. राणी नाचलीच!

पंधरा दिवसांनी येसू पुन्हा गोळ्या वळायला बसली, तर राणी ओरडली, "ठणठणीत आहेत की! औषधाचा मारा कशाला? माझं ऐकत नसशील, तर ऊठ झोपडीतून."

"उठते," येसू म्हणाली. "गोळ्या चारून उठते."

राणी तिच्याशेजारी टेकली. झोपडी जाईल हे कळूनही पोरगी माशांच्याच गोळ्या वळत होती.

"आणि राणीसाहेब, लग्नाचं वऱ्हाड कुठं उतरतं?"

"जानवसघरी. का गं?"

"वऱ्हाड थेट मांडवात घुसत नाही ना? मग नव्या माशालाही जानवसं द्या. वेगळा रांजण, महिनाभर मुक्काम. पोट ठीक दिसलं, की तुमचं माप, हळदकुंकू, उखाणा, सगळं!"

राणी पोट धरधरून हसली. "अगं, हे आधी नाही का सांगायचंस?"

"सांगितलं होतं," येसू म्हणाली.

तेवढ्यात कर्दळीतून परी वर आली. "येसू, घाई न करता धीर धरलास, म्हणून ती 'लवकर'ची इच्छा मी परत देते. माग."

येसूनं सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं, "आईला उबेत झोप लागेल असं छप्पर."

सोनेरी, गुलाबी, निळा उजेड बागभर सांडला. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. झोपडीवर शिंपल्यांची कौलं झगमगत होती, आणि आत आई गाढ झोपली होती, घरघर न करता.

त्या बागेत अजून एक रांजण आहे म्हणतात. नवा मासा आला, की राणी आधी त्या रांजणालाच हळदकुंकू लावते.