मधली वाटी

मिरचीच्या एका गावात मथुराबाई नावाच्या एक बाई कांडप चालवायच्या. तिखट कांडण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. पण लोक पाकिटातलं तिखट आणायला लागले आणि कांडपाचा आवाज कमी कमी होत गेला. मथुराबाईंच्या हाताखाली मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या अकरा बायका होत्या. नवं गिऱ्हाईक मिळालं नाही तर दिवाळीनंतर कांडपाला कुलूप लावायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बायकांना ते सांगायला मात्र त्यांची जीभ रेटत नव्हती.

अशात शहरातून निरोप आला. शहराबाहेर कारखाने उभे राहिले होते, कारखान्यांबरोबर कोरियाची माणसं आली होती आणि त्यांच्यामागोमाग हानबाईंचं हॉटेल आलं होतं. कोरियाच्या जेवणाला रोज तिखट लागतं, आणि त्यांच्या कोबीच्या लोणच्याला तर ढीगभर. हानबाईंनी नमुने मागवले आणि त्यांतून दोघांना जेवायला बोलावलं, मथुराबाईंना आणि शहरातले व्यापारी दौलतराव यांना. ज्याचं तिखट घ्यायचं त्याच्याबरोबर आधी एकदा जेवायचं, अशी हानबाईंच्या म्हाताऱ्या आईची अट होती.

दौलतराव दोनदा विमानानं परदेशी जाऊन आले होते, त्यामुळे जगात आपल्याला न कळण्यासारखं काही उरलेलं नाही असा त्यांचा पक्का समज होता. दारात चपला काढताना ते मथुराबाईंना म्हणाले, "काकू, तुम्ही नुसतं माझ्याकडे बघत जा. या चायनीज लोकांत मी पुष्कळ वावरलोय."

हानबाई बारा वर्षांत स्वयंपाकघरातल्या बायकांकडून मराठी शिकल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि हसून दोघांना आत नेलं. मथुराबाई मांसमच्छी खात नाहीत, हे त्यांनी आधीच फोनवर विचारून घेतलं होतं.

टेबलाशी हानबाईंच्या आई बसल्या होत्या; सगळे त्यांना आजी म्हणत. प्रत्येकापुढे भाताचा वाडगा आला आणि पाठोपाठ पाच-सहा छोट्या वाट्या आल्या. दौलतरावांनी आजींनी चमचा उचलायची वाट न बघता जेवायला सुरुवात केली. मथुराबाई थांबल्या. सासूबाईंनी घास घेतल्याशिवाय त्यांनी घरी कधी भाताला हात लावला नव्हता. वाट्या बघून मात्र त्यांना हायसं वाटलं. पालक, काकडी, बटाटा, मोड आलेलं कडधान्य, सगळं थोडं थोडं; हे तर आपलं ताटच. त्यांनी एकेक वाटी पुढ्यात ओढली आणि लोणचं-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे अशी भाताभोवती नीट मांडली. मान वर करून बघतात तर टेबलाचा मध्य मोकळा, आणि आजी न् हानबाई कोरड्या भातापुढे हात आवरून बसलेल्या.

दौलतराव गालातल्या गालात हसले. मथुराबाईंचे कान तापले. आपण काही केलंच नाही असं दाखवून तसंच जेवावं, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी एकेक वाटी उचलून परत मध्ये ठेवली.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वाटी ज्याच्या पुढ्यात, त्याची. तुमच्याकडे कसं असतं, तेवढं मला सांगा."

हानबाईंनी सांगितलं की या वाट्या सगळ्यांच्या, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. हे ऐकून मथुराबाई घुटमळल्या. उष्टं त्यांनी सख्ख्या बहिणीचंही खाल्लं नव्हतं. तेवढ्यात आजींनी आपल्या जेवायच्या, अजून कोऱ्या काड्यांनी लोणच्यातलं चांगलंसं पान निवडलं, मथुराबाईंच्या भातावर ठेवलं, आणि त्यांना ते आवडतंय का म्हणून टक लावून बघत राहिल्या. ती नजर मथुराबाईंनी ओळखली. जेवायला वाढताना त्या स्वतःही पाहुण्याकडे अशाच बघायच्या. त्यांनी ते पान भाताबरोबर खाल्लं, आणि मग वाटीतून दुसरं स्वतःहून घेतलं. लोणचं खरोखर झकास होतं.

इतक्यात दौलतरावांचा फोन वाजला. हात मोकळा व्हावा म्हणून त्यांनी चमचा भातात उभा खोचला आणि बोलत बसले. आजींचा चेहरा उतरला. त्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. मथुराबाईंनी हळूच विचारलं, तेव्हा हानबाई म्हणाल्या, "असा भात आम्ही मेलेल्या माणसापुढे ठेवतो. मागच्या महिन्यात वडिलांसाठी ठेवला होता."

मथुराबाईंनी हे दौलतरावांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, चमचाच तर आहे, कुठेही ठेवला म्हणून काय बिघडलं?

"दौलतराव, तुमच्या घरी कोणी जेवायला आलं आणि त्यानं तुमच्या आईपुढे पिंड मांडला, तर?"

दौलतरावांनी चमचा काढून घेतला. त्यानंतर त्यांना जेवण काही गोड लागलं नाही.

मथुराबाईंची भीड मात्र एकदा चेपली ती चेपलीच. काड्या कशा धरायच्या, वाडगा उचलायचा की नाही, त्या विचारत गेल्या आणि आजी दाखवत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, आमच्या नमुन्यात काय कमी पडलं? आजींनी आतून बरणी आणून त्यांच्या तळव्यावर तिखट ओतलं. ते जाडसर होतं, रंगाला गडद, त्यात बी औषधाला नव्हतं. दोघांनीही आणलं होतं ते वस्त्रगाळ. दौलतराव म्हणाले, तिखट जितकं बारीक तितकं चांगलं, सगळा मुलूख तेच नेतो. मथुराबाईंनी तळव्यावरचं तिखट चिमटीत चोळून पाहिलं.

"बिया आमच्या बायका हातानं काढतील, चाळणी मी बदलते," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी आणते. आजींनी चाखून सांगावं."

आठव्या दिवशी आजींनी चिमूटभर तिखट जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि मथुराबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हानबाईंच्या हॉटेलाचं तिखट त्या दिवसापासून मथुराबाईंचं झालं, मग आणखी चार हॉटेलांचं. दिवाळी आली न् गेली. कांडप बंद पडायचं सोडाच, ते दिवसभर दणदणत राहिलं, आणि अकरा बायकांच्या तीस झाल्या.

पुढे आजी कांडप बघायला गावात आल्या. बायकांनी पंगत मांडली आणि प्रत्येकीच्या ताटात आमटी-उसळीच्या वाट्या ठेवल्या. आजींनी सवयीनं हात लांबवला आणि मथुराबाईंच्या वाटीतली उसळ चमच्यानं घेतली. सगळ्या पंगतीचे घास हातातच राहिले. आजी थबकल्या. त्यांना मराठीतले मोजके शब्द येत होते, त्यातले दोन त्यांनी वापरले. "माझं चुकलं?"

मथुराबाईंनी वाटी ताटातून उचलली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.

"आज ही वाटी मधली, आजी," त्या म्हणाल्या आणि आधी आजींना वाढून मग स्वतः त्याच वाटीतून घास घेतला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या पंगतीला बसताना आपला ताठा दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावा आणि तिथली रीत विचारून घ्यावी; चूक कबूल करून विचारणाऱ्याला सगळीकडे पान वाढलं जातं.