नारळाचं आळं

मोबाइलचे मनोरे लपवण्यात हातखंडा असलेला एक कारागीर एका शहरात राहत होता. त्याचं नाव श्रीरंग. रेंज सगळ्यांना हवी, मनोरा मात्र कुणालाच डोळ्यांसमोर नको. म्हणून श्रीरंग अँटेना कुठे पाण्याच्या टाकीत दडवी, कुठे धुराड्यात.

स्वतःच्या सोसायटीत त्याने नारळाचं झाड उभं केलं. आत लोखंड, बाहेर फायबरची साल, वर प्लॅस्टिकच्या झावळ्या. कमिटीला तेवढं ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटलं, हल्ली मोठी झाडंही ट्रकमधून येतात. श्रीरंगचं मन तरी भरेना. त्याने बुंध्याभोवती खऱ्या मातीचं सुबक आळं केलं.

उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. तळमजल्यावरच्या अंबूताई तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवत आणि रोज त्या आळ्यात ओतत.

श्रीरंगने खिडकीतून बायकोला दाखवलं. "बघ शर्वरी, अंबूताईंनाही ओळखू आलं नाही!"

शर्वरी लग्न होऊन नुकतीच त्या घरात आली होती. ती हळूच म्हणाली, "कमालच आहे हो तुमची. आता त्यांना सांगणार कधी?"

"सांगतो गं उद्या," तो म्हणाला. उद्या काही उजाडेना.

एके सकाळी त्याला अंबूताईंच्या दारातल्या कुंडीतली जास्वंद दिसली. पार वाळून गेली होती.

"ताई, हिला पाणी नाही घातलंत?"

"एवढंसं पाणी, किती जणांना पुरणार? जास्वंद काय, पुन्हा लावता येईल. नारळ नवा आहे बाबा, त्याला आधी रुजू दे."

श्रीरंगची मान खाली गेली. ती तशीच ठेवून त्याने सगळं सांगितलं.

अंबूताई उठल्या, झाडाजवळ गेल्या. बोटाच्या पेराने त्यांनी खोडावर टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"झाड खोटं केलंस, ते पोटासाठी," त्या म्हणाल्या. "पण आळं कशाला केलंस रे?"

दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या देखत, श्रीरंगने ते आळं स्वतःच्या हातांनी मोडलं. बुंध्यावर पाटी लावली: 'हा मनोरा आहे. पाणी घालू नये.' आळ्यातली माती मात्र त्याने टाकली नाही. वाळलेली जास्वंद काढून ती त्याने अंबूताईंच्या रिकाम्या कुंडीत भरली.

तात्पर्य: वस्तू लपवणं हे कसब असेल, पण त्या लपवण्यावर कुणी माया ओतू लागलं, की त्यानंतर गप्प बसणं ही फसवणूकच होय.