दारातला धूप

पूर्वी शूर्पारक बंदरावर एक शांत स्वभावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापारी घराण्यात जन्माला आला होता. स्वतः माल विकणे त्याने लवकरच सोडले. पेठेच्या तोंडाशी पिंपळाखाली तो बसे. शिल्लक कुठे गुंतवावी, गिऱ्हाईक दुकानाकडे का फिरकत नाही, असले प्रश्न घेऊन लहानमोठे दुकानदार त्याच्याकडे येत. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे त्यालाही ठाऊक होते. तो एवढेच म्हणे, की कुळीथ विकायचे तर कुळीथ म्हणूनच बोला.

त्याच पेठेत नागमित्रेचे धुपाचे दुकान होते. तिचा नवरा इसिदत्त माल घेऊन समुद्रापार गेला, तो परत आला नव्हता. त्याला पुष्कळ वर्षे झाली होती. शेजारणींनी विचारायचे सोडले होते, तिने मात्र वाट पाहायचे सोडले नव्हते.

त्या पेठेत एक रिवाज होता. दिवेलागणीला प्रत्येक धूपवाल्याने आपल्या दारात आपला धूप जाळायचा. दुकानाची ओळख तीच. नागमित्रा इसिदत्ताने स्वतः जुळवलेला धूप जाळी. त्यात चंदन असे, वाळा असे, आणि थोडा नागरमोथा. जातायेता माणसे थबकत, आत येऊन तोच धूप मागत. ती म्हणे, तो विकायचा नाही. इसिदत्त कधी अंधारात आला तर वासावरून दार ओळखील, म्हणून तो त्याच्यासाठी राखलेला होता. मग ती दुसरा, साधा धूप पुढे करी, आणि लोक हिरमुसून निघून जात. असे दुकान किती दिवस चालणार? मागच्या खोलीत इसिदत्ताने ठेवलेल्या चंदनाच्या ओंडक्यांखेरीज तिच्याकडे काही उरले नाही.

तेव्हा ती बोधिसत्त्वाकडे गेली. तो दिवेलागणीला दुकानापाशी आला, उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभा राहिला, आणि एकच गोष्ट बोलला.

"बाई, दारात जो वास आहे तो आत मिळाला पाहिजे. नाहीतर बोलावून परत पाठवल्यासारखे होते."

नागमित्रेला राग आला. याला नवरा काय आणि वाट पाहणे काय, याला नुसता धंदा कळतो, असे तिला वाटले.

बंदरात कोंडिल नावाचा एक जहाजमालक होता. त्याला तिचे चंदन हवे होते. तो आधी बोधिसत्त्वाकडे गेला होता, हे तिला फार नंतर कळले. ती बाई कशासाठी झुरते हे तुला माहीत आहे, त्याबद्दल दोन शब्द बोललास की ती चंदन माझ्या जहाजात घालील आणि तुला वाटा मिळेल, असे तो म्हणाला होता. बोधिसत्त्वाने उत्तर दिले होते, "माहीत आहे, म्हणूनच बोलणार नाही."

मग कोंडिल स्वतःच तिच्याकडे आला. पलीकडच्या किनाऱ्यावर माझ्या खलाशांनी तुझा नवरा पाहिला, असे त्याने सांगितले. भुवईवर व्रण, काम करताना गुणगुणायची सवय, सगळे त्याने बरोबर सांगितले. चंदन जहाजात घाल, मी तिकडे जाऊन त्याला घेऊन येतो, म्हणाला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. नागमित्रा त्या दिवशी जेवली नाही, नवे लुगडे काढून बसली, आणि मग धावत पिंपळाखाली गेली. चंदन देऊ ना, असे तिने विचारले खरे, पण तिला फक्त होकार हवा होता.

बोधिसत्त्व म्हणाला, "प्रत्येक जहाज लागले की मी खलाशांना इसिदत्ताबद्दल विचारतो. कोणी पाहिलेला नाही. जहाज मालासाठी जाते, बाई. तुझ्या माणसाला शोधायला ते जाणार नाही."

"म्हणजे मी वाट पाहू नको?"

"तसे मी म्हणत नाही. वाट पाहणे तुझे आहे, त्यात मी पडत नाही. चंदन देऊ नकोस."

ती रडत घरी आली आणि त्याचे न ऐकता तिने कोंडिलाचे हमाल बोलावले. ओंडके अंगणात निघाले. कोंडिल दारात उभा होता. केवळ आपल्या जिवाला बरे वाटावे म्हणून तिने पुन्हा विचारले, की तो कसा दिसत होता, नीट सांगा. कोंडिल म्हणाला, "कसा म्हणजे? चांगला उंच. दारातून वाकून बाहेर आला म्हणे."

इसिदत्त तिच्या खांद्याएवढा होता. धूप मांडायच्या फळीला त्याचा हात पोचत नसे, आणि त्यावरून ती त्याला चिडवी. पण गिऱ्हाइकांना सांगता सांगता, दर वर्षी थोडा थोडा, तिने त्याला उंच केले होते. व्रण, गुणगुणणे, सारे तिनेच कुणाकुणाला सांगितलेले होते. तेच ऐकून या माणसाने तिला परत विकायला आणले होते.

"ओंडके आत ठेवा," ती हमालांना म्हणाली.

ती फळीखाली बसली आणि पुष्कळ वर्षांत प्रथमच तिला तिचा नवरा जसा होता तसा आठवला, बुटका, घामाघूम, हात वर करून हसणारा. तिला त्याची इतकी आठवण कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दारातला धूप ती आत विकू लागली. खलाशी तो पुड्यांनी नेत. तिने त्यांना कधी काही विचारले नाही. पण जहाज सुटले की ती धक्क्यावर जाऊन उभी राही. हा वास आता अशा बंदरांत जळेल जिथे आपण जाऊ शकत नाही, असे तिच्या मनात येई, आणि मग ती घरी येई. कोंडिलाच्या ओळखीचे बडे व्यापारी पिंपळाखाली यायचे थांबले. बोधिसत्त्वाचे दिवस ओढगस्तीचे गेले. पण शिल्लक कुणाच्या सल्ल्याने ठेवू, असे कोणी विचारले की नागमित्रा पिंपळाकडे बोट दाखवी आणि म्हणे, "तो मला नाही म्हणाला होता." पेठेला तेवढे पुरे झाले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, सांगितली ती लोहित नावाच्या भिक्षूमुळे. गेलेल्या माणसांची आठवण काढून तो घराघरांतून मोठी दाने मिळवीत असे, आणि पुत्रशोकात असलेल्या एका उपासिकेने आपले घरच त्याला देऊन टाकले होते. शास्त्याने ते घर तिला परत देवविले आणि दोघांना समोर बसवून म्हटले, "तेव्हाचा कोंडिल म्हणजे हा लोहित. नागमित्रा म्हणजे ही उपासिका. पिंपळाखाली बसणारा मी होतो."

उपासिकेने हात जोडून विचारले, "आणि इसिदत्त?"

शास्ता म्हणाला, "ज्याच्यासाठी तू आज रडतेस, तो."

ती उठली आणि आपल्या घरी गेली. दुसऱ्याचे झुरणे ओळखूनही त्याचा सौदा न करणे आणि खरे तेवढेच बोलणे, ही त्या जन्मी बोधिसत्त्वाने पाळलेली सत्यपारमिता होय.