चित्रात नसलेली बादली

त्या राज्यात पाणी फक्त सकाळी यायचं आणि तेही थोडाच वेळ. ते आलं की सगळं राज्य धावपळ करून भरून घ्यायचं. ते गेलं की उरलेला दिवस मोठमोठ्या गोष्टी बोलण्यात जायचा. चार भिंती, एक दार, एक खिडकी आणि कोपऱ्यातली मोरी एवढाच राज्याचा विस्तार होता, पण मानापानाच्या बाबतीत ते कुठल्याही साम्राज्याला हार जाणारं नव्हतं.

आरसा तिथला अध्यक्ष होता. येणारा प्रत्येक जण आधी आपल्याकडे बघतो, एवढ्या पुराव्यावर त्याने ते पद घेतलं होतं. येणारा स्वतःकडे बघत असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर छताशी गीझर होता. तो जुना मंत्री. तापायला वेळ लावायचा आणि तापला की कोणाचं ऐकायचा नाही. नळ सारखा ठिबकायचा. सभेतली गोष्ट बाहेर जायची ती त्याच्याकडूनच. आणि खाली, सगळ्यांच्या पायाशी, निळी बादली होती. तिची कडी एकदा तुटून तारेने बांधलेली होती. तिच्या पोटात प्लास्टिकचा मग तरंगायचा आणि दोघांचं बरं चाललं होतं.

राज्यात एक पालही होती. तिला खातं नव्हतं, पण अधिकार मोठा होता. कोणाचं बोलणं चालू असताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे कुठलाही ठराव मांडून झाला की सगळे माना वर करून तिच्याकडे बघत बसायचे. ती चुकचुकली की ठराव पास. पाल मात्र डास पकडला तरच चुकचुकायची. त्यामुळे त्या राज्याचे बहुतेक कायदे पावसाळ्यात झाले होते.

रोज सकाळी देव एकेक करून यायचे, आतून कडी लावायचे, बेसूर गायचे आणि स्वच्छ होऊन निघून जायचे. थोरला देव, देवी आणि त्यांचा धाकटा. एक दिवस ते तिघं एकदमच आले. हातात फीत होती. त्यांनी भिंती मोजल्या, छताकडे बोटं दाखवली, एकमेकांचं बोलणं तोडलं. जाता जाता देवीने बादलीला पायाने जरा बाजूला सारलं.

"हिला खाली भोकं पाडून कढीपत्ता लावीन म्हणते," ती म्हणाली. "किती वर्षं झाली, आता पुरे."

बादलीच्या पोटातलं पाणी हललं. खिडकीच्या काचपट्ट्यांतून पलीकडचा सज्जा दिसायचा आणि सज्ज्यात एक लाल बादली होती. हिच्या आधीची. तिच्यात कोरफड वाढली होती आणि पाणी घातलं की तिच्या तळातून ते गळून जायचं. कितीही घातलं तरी तिच्याजवळ काही राहायचं नाही. निळी बादली तिकडे शक्यतो बघायची नाही.

देव जाताना एक गुळगुळीत पुस्तक खिडकीत विसरले. फरशीच्या दुकानातलं. त्यात नव्या राज्याची चित्रं होती. पांढऱ्याशुभ्र भिंती, काचेचा पडदा आणि छतातून लोंबणारा परातीएवढा शॉवर. दुपारी देव कामाला गेल्यावर आरशाने सभा बोलावली.

"आपण मागासलेले आहोत," आरसा म्हणाला, "हे प्रथम कबूल केलं पाहिजे."

सगळ्यांनी ते आनंदाने कबूल केलं, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसराच कोणीतरी होता.

मग चित्र बारकाईने पाहिलं गेलं. चित्रात एक गोल आरसा होता, भोवती दिव्यांची कड असलेला. अध्यक्षांनी जन्मभर इतरांना त्यांचं रूप दाखवलं होतं, स्वतःचं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा हा आपणच, असं त्यांनी धरून टाकलं. चित्रातल्या नळाची मान हंसासारखी वाकलेली होती. "जरा मान वाकवली की मीच," असं नळ म्हणाला, आणि मान वाकवण्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. गीझर चित्रात कुठेच दिसेना. पण तो डगमगला नाही.

"खरे मंत्री चित्रात दिसत नसतात," तो म्हणाला. "ते भिंतीच्या मागे असतात."

"आणि बादली?" नळाने ठिबकत विचारलं.

चित्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं गेलं. बादली नव्हती. मगही नव्हता. आणखीही एक गोष्ट त्या चित्रात नव्हती. इतक्या मोठ्या शॉवरमधून एक थेंबही पडत नव्हता. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी सकाळी येतं आणि जातं, हे त्या राज्यात पोराटोरांनाही ठाऊक होतं, आणि जे सगळ्यांनाच ठाऊक असतं ते सभेत बोलण्याची तिथे पद्धत नव्हती. बोलणारा अडाणी ठरायचा.

बादलीला तरी ते कुठे सुचलं? तिला जिवाची पडली होती. ती म्हणाली, "मला अध्यक्ष करू नका, चित्रातही घालू नका. कोपऱ्यात ठेवा, पालथी ठेवा, वर जुनी चिंधी वाळत घाला. पण भोकं पाडू नका हो. या धाकट्या देवाला मी पोटात बसवून न्हाऊ घातलंय. दोन्ही हातांनी पाणी उडवायचा. मला अखंड राहू द्या, एवढंच मागणं आहे."

मगला रडूच आलं. अध्यक्षांनाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण वाईट वाटणं वेगळं आणि प्रगती वेगळी.

"बाई, तुमच्या त्यागाची नोंद घेतली जाईल," ते म्हणाले. "शिवाय भोकं पडणं म्हणजे काही कमीपणा नव्हे. नव्या सम्राटांकडेच, त्या शॉवरकडेच बघा ना. तोंडभर भोकंच आहेत."

तेवढ्यात पालीने डास पकडला आणि ती चुकचुकली. ठराव पास झाला. जुनं ते सगळं जावं, असा तो ठराव होता, आणि त्यात आपण येत नाही याची प्रत्येकाला खात्री होती.

देवांनी ठराव ऐकला की नाही कोण जाणे, पण त्याची अंमलबजावणी लगेच झाली. हातोडेवाले आले. पहिला घाव भिंतीवर बसला तेव्हा गीझर म्हणाला, "सुरुवात छान आहे." दुसऱ्या घावाला आरसा खिळ्यावरून सुटला. खाली येता येता तो ओरडला, "अहो, मी अध्यक्ष आहे!" जमिनीवर पोचला तेव्हा एका अध्यक्षाचे अनेक झाले होते आणि ते सगळे तेच म्हणत होते. नळाची मान तर पान्याने अशी काही वाकवली की त्याला हवी होती त्याहून जरा जास्तच वाकली.

"अरे, घमेलं कुठाय?" मोठा गवंडी म्हणाला.

"घमेलं राहिलं की त्या दुसऱ्या कामावर."

"मग ती निळी बादली घे. तशीबी टाकायचीच हाय."

अशी बादली कामाला लागली. तिच्यात सिमेंट कालवलं, वाळू वाहिली, फुटक्या फरश्या भरल्या. ज्यांनी तिला घालवायचं ठरवलं होतं त्यांना जिन्याखाली पोचवायलाही तीच गेली. तिच्या पोटात पडल्या पडल्या आरशाच्या एका तुकड्याने विचारलं, "आपण कुठे निघालो आहोत?"

"खाली," बादली म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. आपलीही पाळी जवळ आली हे तिला दिसत होतं.

गीझरला भंगारवाल्याने हातगाडीवर घातलं. हा आपला अभ्यासदौरा आहे, असं तो गल्लीच्या वळणापर्यंत सगळ्यांना सांगत होता.

नवं राज्य उभं राहिलं ते खरोखर चित्रासारखं. गोल आरसा आला, हंसाच्या मानेचा नळ आला, काचेचा पडदा आला आणि छतातून परातीएवढा सम्राट लोंबू लागला. पाल तेवढी जुनी राहिली. अशा माणसांना कोणी काढत नाही. बादली सज्ज्यात होती, अंगावर सिमेंटचे पोपडे घेऊन, लाल बादलीच्या शेजारी. शेजारी कढीपत्त्याचं रोपही येऊन बसलं होतं. मगही तिच्यातच पडून होता.

पहिल्या स्नानाचा मान धाकट्या देवाला मिळाला. तो नेहमीसारखा उशिरा उठला, गाणं म्हणत आत गेला आणि त्याने काचेचा पडदा ओढला. इकडे देवीने गॅसवर स्क्रूड्रायव्हर लाल होईपर्यंत तापवला, सज्ज्यात येऊन बादली पालथी घातली आणि तळावर टोक टेकवलं. चर्र झालं. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. बादलीने डोळे मिटले. बादल्यांना डोळे नसतात असं म्हणतात, पण त्या वेळी तिने मिटले.

"आई!" आतून आरोळी आली. "आई, पाणी येत नाहीये!"

देवीचा हात थांबला. "सगळे कॉक नीट उघड बरं!"

"सगळे उघडलेत! नुसतं टपटपतंय! डोळ्यांत साबण गेलाय गं, बादली दे! बादली!"

देवीने स्क्रूड्रायव्हर टाकला, बादली उचलली आणि उजेडाकडे धरून तळ पाहिला. एक काळा डाग पडला होता. आरपार गेलेला नव्हता. तिने घाईघाईने आतून बादली विसळली, स्वयंपाकघरातल्या पिंपातून भरली, आत मग टाकला आणि दारातून पुढे सरकवली. साबणाने आंधळा झालेल्या धाकट्याने चाचपडत कडी धरली आणि पहिला मग डोक्यावर ओतून तो असा काही सुस्कारला की सज्ज्यापर्यंत ऐकू गेलं.

तेव्हापासून ती तिथेच आहे. काचेच्या पडद्याच्या आत, पांढऱ्याशुभ्र फरशीच्या मधोमध, सम्राटाच्या बरोबर खाली. रोज सकाळी पाणी येतं तेव्हा देवी आधी तिला काठोकाठ भरून ठेवते. दुपारी देव गेले की गोल आरसा आपली दिव्यांची कड सावरून सभा बोलावतो आणि राज्य किती पुढे गेलं ते सांगतो. सगळे माना वर करून पालीकडे बघत बसतात. वरून, बऱ्याच वेळाने, सम्राटाच्या तोंडातून एक थेंब सुटतो आणि भरलेल्या बादलीत पडतो. बादलीच्या काठावरून तेवढंच पाणी खाली सांडतं. आणि सम्राट वरून खाली, त्या काठोकाठ भरलेल्या बादलीकडे, मोठ्या समाधानाने बघतो.