होडीखालचा दाणा

समुद्राकाठी होती वाळूची टेकडी. टेकडीवर होतं गवत. दर पावसात उगवायचं, हिवाळ्यात वाळायचं. यंदा पावसाने दडी मारली, सगळं उगवता उगवताच वाळून गेलं. मुंग्या गावाकडे गेल्या. एकच मुंगी मागे राहिली. तिच्याजवळ होता एकच दाणा, त्याच गवताचा.

एकदा लाट आली. काठावरची होडी कलली. दाण्यावरच बसली. गेला दाणा होडीखाली.

मुंगी म्हणाली, "होडीबाई, सरक ना. होडीखाली माझा दाणा."

होडी म्हणाली, "दर्या खवळलाय. तो निवला की सरकेन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"दर्यादादा, निव ना. होडी सरकेना, होडीखाली माझा दाणा."

दर्या म्हणाला, "आज नारळी पुनव. काठावरच्या चांगुणामावशीने नारळ दिला की निवेन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, नारळ दे ना. दर्या निवेना, होडी सरकेना, होडीखाली माझा दाणा."

मावशी म्हणाली, "देते गं बाई. पण माझा नेम आहे. दारच्या माडाचा, आपणहून पडलेलाच नारळ द्यायचा. माड टाकेल तेव्हा खरं."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"माडआजोबा, नारळ टाका ना. मावशी देईना, दर्या निवेना, होडी सरकेना, होडीखाली माझा दाणा."

माड म्हणाला, "वाऱ्याने हलवलं तर टाकेन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

वारा सुरूच्या बनात रुसून बसला होता.

"वारेदादा, माड हलव ना. माड टाकेना, मावशी देईना, दर्या निवेना, होडी सरकेना, होडीखाली माझा दाणा."

वारा म्हणाला, "नाही हलवत, जा. टेकडीवरचं गवत गेलं. मी आता सळसळ करू कुणाशी? मला कुणी नाही."

मुंगी म्हणाली, "मलाही कुणी नाही."

ती वाऱ्याजवळ जाऊन बसली.

मुंगीच्या पोटात भूक होती. घरात दुसरं काही नव्हतं. तरी ती म्हणाली, "तो दाणा त्याच गवताचा. मी नेम धरते. मिळाला तर खाणार नाही, वाळूत पुरेन."

"थोडासुद्धा खाणार नाहीस?"

"नाही. नेम म्हणजे नेम."

वारा उठला, सूं सूं.
वाऱ्याने माड हलवला.
माडाने नारळ टाकला, धप्प.
मावशीने नारळ दर्याला दिला.
दर्या निवला, चुळुक चुळुक.
होडी सरकली, खर्र खर्र.
खाली होता दाणा.

मुंगीने दाणा तोंडात धरला. किती गोड वास आला. मुंगी तशीच उभी राहिली. मग तिने वाळू उकरली, दाणा पुरला आणि शेजारी बसली. पोट रिकामंच.

मावशी पूजा आटोपून परतत होती. मुंगीने तिला आपला नेम सांगितला. तिने मुंगीपुढे चिमूटभर साखर ठेवली.

"प्रसाद आहे, खा हो. नेमाला चालतो."

मुंगीने पोटभर खाल्लं.

पाऊस पडला, रिमझिम रिमझिम. वाळूतून एक हिरवं पातं वर आलं. वारा हळूच आला. सळसळ, सळसळ.

"मुंगे, आहेस का गं?"

"आहे की. इथेच आहे."