पांढऱ्यातला निळा

फोटो नुकतेच कागदावरून पडद्यावर येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. हेमलताबाईंच्या स्टुडिओत मॉनिटर आणि प्रिंटर शेजारी राहत; बाई मॉनिटरवर बघून फोटोंचे रंग सुधारत आणि प्रिंटरवर छापत. मॉनिटरवर टवटवीत दिसणारे चेहरे प्रिंटरमधून कावीळ झाल्यासारखे पिवळे निघत. “खोट त्याच्यातच आहे,” मॉनिटर ठासून सांगायचा. शेवटी बाईंनी प्रिंटर भंगारात काढायचं ठरवलं. पण एकदा खात्री करावी म्हणून त्यांनी तळहाताएवढा रंगमापक आणून मॉनिटरच्या काचेवर टेकवला.

“पांढरा दाखव,” रंगमापक म्हणाला. मॉनिटरने ऐटीत दाखवला.

“यात निळा मिसळलाय.”

“मला तर पांढराच दिसतो!”

“रोज तोच बघतोस ना, म्हणून.”

मॉनिटरला राग यायला हवा होता, पण कुतूहलच वाटलं. “किती निळा? मोज बरं!”

मोजून झाल्यावर त्याच्यातला निळा उतरवला गेला. आपण फिके पडलो, असं त्याला वाटलं. बाईंनी मात्र तोच फोटो नव्याने सुधारून छापला, आणि कागदावर नि पडद्यावर एकच चेहरा दिसला.

“म्हणजे मी निळा, म्हणून बाई फोटोत पिवळा भरत होत्या, आणि तू तेच इमानाने छापत होतास!” मॉनिटर ओशाळला. “मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“बोलत होतो की,” प्रिंटर म्हणाला, “प्रत्येक कागदावर.”