जीभ बाहेर राहिलेला रोल

“पण समजा, दोन्ही वेगळे करता आले तर?”

भरतेश चौगुलेनं पुन्हा तेच विचारलं. चंपाक्का मगदूम शेंगा फोडत बसल्या होत्या. दाणे परातीत, टरफलं सुपात. मान वर नाही.

“काय वेगळं करायचंय?”

“एकाच रोलवर दोनदा फोटो काढलेत, अक्का. खालचे माझे. वरचे काढून टाकायचेत.”

“वरचे कुणाचे?”

“…पद्मजाचे.”

पद्मजा म्हणजे त्याची बायको. अक्कांनी आणखी एक शेंग फोडली. आत काही निघालं नाही, तीही त्यांनी सुपात टाकली.

आता अक्का कोण, ते सांगायला हवं. निपाणीत बाजाराच्या मागच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ होता. पुढं नवरा गिऱ्हाइकाला हनुवटी वर घ्यायला सांगायचा, मागं अंधाऱ्या खोलीत अक्का फिल्म धुवायच्या. नवरा गेला, दुकान गेलं, अंधारी खोली तेवढी राहिली. लोकांना वाटलं, म्हातारी आता त्या खोलीत कांदे भरेल. तर झालं भलतंच. कॉलेजातल्या पोरांना जुन्या कॅमेऱ्यांचं खूळ लागलं, आणि शहरातल्या लॅबचे दर ऐकून डोळे पांढरे झाले की ती पोरं अक्कांचा पत्ता शोधत यायला लागली. अक्का रोल धुऊन द्यायच्या. मग दुधी काचेखाली दिवा, काचेवर फिल्म, वर उलटा टांगलेला डिजिटल कॅमेरा. एकेक चौकट टिपून पोरांच्या मोबाइलवर पाठवायच्या. पोरं खूश, अक्काही खूश.

भरतेश ह्याच खोलीत शिकला. शिकला तो शिकला, पुढं फारच शहाणा झाला. इचलकरंजीला जाऊन त्यानं स्वतःचे वर्ग काढले, ‘फिल्म धुवा घरच्या घरी, स्वस्तात’. कोल्हापूर, बेळगाव, पुण्यापर्यंत बोलावणी. अक्कांचं नाव निघालं की म्हणायचा, “जुनी माणसं आहेत, चालायचंच.”

आता त्याची एक सवय. नव्या रोलच्या डबीतून फिल्मचं बोटभर टोक बाहेर आलेलं असतं, त्याला जीभ म्हणतात. फोटो काढून झाले की ती जीभ आत गुंडाळून टाकायची, म्हणजे हा रोल वापरलेला हे कुणालाही कळतं. पण मग धुताना डबी फोडावी लागते. भरतेश जीभ मुद्दाम बाहेर ठेवायचा. डबी शाबूत राहते, पुन्हा भरता येते, खर्च वाचतो. वर्गात हे तो मोठ्या तोऱ्यात करून दाखवायचा.

अक्कांनी एकदा हटकलं होतं. “वापरलेल्याची जीभ आत घ्यावी, भरतेश.”

“माझ्या लक्षात असतं, अक्का.”

त्याच्या लक्षात असायचं, ते खरंच. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या लक्षात कसं असणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

“रोल कुठाय?” अक्कांनी विचारलं.

त्यानं खिशातून डबी काढली. रुमालात गुंडाळली होती. एवढ्या रोलांना हात लावलेला माणूस, पण ती डबी द्यायला त्याचा हात पुढं होईना.

“ह्यात अनू आहे,” तो म्हणाला.

अनू त्याची मुलगी. सात वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं तिच्यावर अख्खा रोल घालवला होता, आणि श्रावणात तापाचं निमित्त झालं न् पोर गेली. रोल फळीवर तसाच राहिला. धुवायला म्हणून तो चारदा उठला असेल, चारदा खाली बसला.

“मग?”

“मग काय… एक दिवस पद्मजा म्हणाली, मी फोटो काढलेत, धुऊन दे. मी विचारलं, रोल कुठला घेतलास. म्हणाली, फळीवरचा. जीभ बाहेर होती, मला वाटलं नवा असेल.”

अक्कांचे हात थांबले.

“तिला फोटो काढता येतात?”

“मीच शिकवलं होतं. लग्न झालं तेव्हा.”

“कशाचे काढले?”

“मी विचारलं नाही.”

अक्कांनी हातातली शेंग परत ढिगात टाकली.

“तुमच्या हाताला काही उपाय माहीत असेल म्हणून आलो, अक्का. कॉम्प्युटरवर मी पुष्कळ काय काय करतो, पण हे मला जमणार नाही. अनूचे तेवढे शेवटचे फोटो आहेत. ते गेले तर माझ्याजवळ काही राहत नाही.”

अक्कांनी परात बाजूला सारली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

“चल. आधी धुवू तर.”

अंधाऱ्या खोलीचं दार लावलं. वरची कडी, खालची कडी, फटीला काळं कापड. अक्कांनी दिवा मालवला. डोळे उघडे काय न् मिटलेले काय, सारखंच.

“घे. तू गुंडाळ.”

“मी?”

“माझे हात कापतात आता.”

हे खोटं होतं. शेंगा फोडताना त्यांचा हात जराही कापत नव्हता. पण भरतेशनं मुकाट्यानं डबी घेतली. जीभ ओढली आणि फिल्म गुंडाळायच्या चरखीत अडकवायला गेला. सुटली. पुन्हा अडकवली. पुन्हा सुटली. वर्गात बोलता बोलता, हसता हसता करायचा तो हे.

“सावकाश,” अंधारातून अक्का म्हणाल्या. “…पोरगी गेल्यावर काय केलंस?”

“काम केलं.”

“कुठं?”

“बेळगाव. पुणे. कोल्हापूर. बोलावणं आलं की जायचो. घरात थांबवत नव्हतं.”

“घरी कधी पोचायचास?”

“असंच… लोक झोपल्यावर.”

फिल्म चरखीत हळूहळू सरकायला लागली. तिचा बारीक कुरकुर आवाज तेवढा येत होता.

“तिनं फोटो काढल्याचं सांगितलं, तेव्हा तू काय बोललास?”

आवाज थांबला.

“मी काय विचारलं?”

“बोललो काहीतरी.”

“काय?”

अक्का काही घाईत नव्हत्या.

“म्हणालो… अनूला तू दुसऱ्यांदा मारलंस.”

अक्कांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

“त्यावर ती?”

“काही नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली. मग भाकरी थापायला गेली. त्याला आता आठवडा होऊन गेला. मी बोलत नाही, ती बोलत नाही. ताट वाढते, जेवतो, उठतो.”

“हूं.”

“जीभ मी बाहेर ठेवली होती, अक्का.” त्याचा आवाज फाटला. “मीच ठेवली होती. ते कळत होतं मला, तोंडातून तो शब्द जायच्या आधीच कळत होतं. तरी बोललो. कुणावर तरी टाकायचं होतं मला ते.”

मग त्याला रडू आलं. अनूला नेलं तेव्हा चार माणसांत तो दगडासारखा उभा होता, घरी आल्यावरही डोळ्याला पाणी नव्हतं. आज निपाणीतल्या त्या खोलीत, औषधांच्या आंबट वासात, त्याचं सगळं बाहेर आलं. हातातली चरखी त्यानं छातीशी धरली होती.

“रड,” अक्का म्हणाल्या. “फिल्म जरा लांब धर. पाण्याचे डाग पडतात.”

तो रडता रडताच हसला आणि मग पुन्हा रडला.

चरखी उजेड न शिरणाऱ्या टाकीत गेली, झाकण बसलं, दिवा लागला. अक्कांनी चित्र उमटवणारा डेव्हलपर ओतला, टाकी हलवली, ओतून दिला. मग पाणी. मग चित्र पक्कं करणारा हायपो. धुतलेली फिल्म दोरीला लावली, खाली चिमटा अडकवला. भरतेश बघायला पुढं झाला तशा अक्का मधेच आडव्या उभ्या राहिल्या.

“वाळू दे. जेवून घे.”

“भूक नाही.”

“मी विचारलं नाही.”

भात न् आमटी होती. तो जेवला.

दुपारी अक्कांनी फिल्मचे तुकडे केले, दुधी काचेवर ठेवले आणि खालचा दिवा लावला. भरतेश काचेवर वाकला. निगेटिव्ह वाचायला तो इथंच शिकला होता, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं.

पहिल्याच तुकड्यावर त्याला कळलं. दुसऱ्यांदा रोल घातला तेव्हा चौकटी जुळल्या नव्हत्या. एका फोटोच्या मधूनच दुसऱ्याची कड गेलेली. अनूचा एक हात. अनूचा फ्रॉक. त्यावर खिडकी, भगभगीत उजेडाची. खिडकीनं पोरीचा चेहरा खाऊन टाकला होता.

“हा गेला,” तो म्हणाला.

“पुढचा बघ.”

“इथं अनू झोपाळ्यावर आहे. तिच्यावर… हाही झोपाळाच आहे, रिकामा.”

“पुढचा.”

“तिची गादी. गुंडाळून ठेवलेली. आणि खाली अनू, गादीवर उड्या मारताना मी काढलेली.” त्यानं डोळे पुसले. “ती कशाचे काढत होती, अक्का? कुणीच नाहीये ह्यांच्यात. रिकाम्या जागांचे कुणी फोटो काढतं?”

अक्कांनी तुकडा पुढं सरकवला.

“चप्पल. दाराजवळची. अनूचीच.” त्याचा आवाज बारीक झाला. “…उचलली नव्हती तिनं.”

“तुला दिसली नव्हती?”

“…मी उशिरा यायचो.”

एकामागून एक चौकटी झाल्या. कुठं अर्धी अनू, कुठं पाव, कुठं नुसती वेणी. जिथं पद्मजानं उजेडाकडं कॅमेरा धरला, तिथं पोर पार नाहीशी झाली होती. भरतेशला राग यायला हवा होता. इतके दिवस तो राग त्यानं जपून ठेवला होता. आता हाताशी येईना.

आणि मग शेवटच्या तुकड्यावर तो थबकला.

“अक्का.”

“हं.”

“ही… पूर्ण आहे.”

अक्कांनी वरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं, फोटो सुलटा करून मोबाइल त्याच्या हातात दिला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडी घालून अनू बसली होती. दोन्ही हातात आंबा, कोपरापर्यंत रस, पुढचे दोन दात पडलेले. बापाकडं बघून ती हसत होती. एकही ओरखडा नाही, काही आडवं आलेलं नाही.

तो बघत राहिला. अक्कांनी बघू दिलं.

“हीच तेवढी वाचली कशी?” अखेर त्यानं विचारलं.

“वर्ग तू घेतोस. तूच सांग.”

त्यानं पुन्हा काचेवर डोळा लावला. मोठा करून, बारीक करून पाहिलं.

“पद्मजाचा फोटो ह्याच्यावर आहे… पण त्यात उजेडच नाही. म्हणून अनूला काही झालं नाही.”

“कुठं काढलाय?”

“इथं कोपऱ्यात पुसट जाळी दिसतेय. आमच्या मागच्या दाराची.” तो थांबला. “स्वयंपाकघरच आहे. जमिनीवर बसून काढलाय.”

“वेळ?”

“जाळीबाहेर अगदी थोडा उजेड आहे. दिवस बुडून गेला असेल.”

“आणि आत?”

“आत काहीच नाही. आत दिवा लावलेला नाही.”

“लावला असता तर?”

“तर अनू पुसली गेली असती.”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, कुणाला तरी हाक मारली. भरतेशचं तिकडं लक्ष नव्हतं. जाळीच्या त्या पुसट रेघांवर त्यानं बोट ठेवलं होतं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर, अंधारात, मांडीवर कॅमेरा घेऊन बसलेली बाई त्याला दिसायला लागली होती. अशा किती संध्याकाळी ती तशी बसली असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारायचं तर तिलाच विचारायला हवं होतं.

“अक्का… ती रोज अशीच बसत असेल?”

अक्कांनी हात लांब केला आणि काचेखालचा दिवा बंद केला. काच काळी झाली. जाळी गेली, अनूही गेली.

“हे राहिलेले स्कॅन करायचेत,” भरतेश म्हणाला. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. “सगळे. जसे आहेत तसे.”

“मी करून ठेवते.”

“आणि वेगळे करायचे म्हणालो ते…”

अक्कांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. उन्हं समोरच्या भिंतीवर चढली होती.

“इचलकरंजीची गाडी मिळेल अजून,” त्या म्हणाल्या. “दिवेलागणीच्या आत घरी पोच.”